आयर्लंडचा पश्चिम किनारा, सप्टेंबर महिना, तीन नवशिके सर्फर: मुक्काम कुठे ठेवावा?

अनिकेत_डब्लिन

नमस्कार मंडळी. मी डब्लिनला नोकरी करतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून माझे दोन मित्र येतायत. आठवडाभर भाड्याची गाडी घेऊन पश्चिम किनाऱ्यावर सर्फिंग करत फिरायचं असं ठरतंय. तिघंही कर्नाटकातल्या मुल्कीला शिकलोय. फुटलेल्या लाटेच्या फेसात बोर्डवर आरामात उभं राहता येतं. कमरेएवढी, नुकती फुटायला लागलेली लाट कधी मिळते, कधी हुकते. पोहता तिघांनाही चांगलं येतं.

बेत असा आहे: उत्तरेला डोनेगॉलपासून सुरुवात करायची, मग स्लायगो, मेयो, गॉलवे, क्लेअर, केरी आणि शेवटी कॉर्कमधलं किन्सेल. 'वाइल्ड अटलांटिक वे' नावाचा रस्ता धरायचा, रोज नवा किनारा, रोज नवा मुक्काम. मुल्कीला हल्ली शनिवार-रविवारी एकेका लाटेवर चार-पाच जण असतात. म्हणूनच लांबलचक, खडकाळ, माणसं कमी असलेला किनारा मुद्दाम निवडलाय.

विचारायचं हे की बेत ठीक आहे का? वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) किती जाडीचा लागेल? बोर्ड डब्लिनहूनच टपावर बांधून न्यावेत का? आणि जिथे अजिबात गर्दी नसते अशा जागांची नावं कुणी सांगू शकेल का?

निखिल_गॉलवे

एवढं फिरू नका. सरळ लाहिंचला या. क्लेअरमधलं छोटंसं गाव आहे, समोर वाळूचा किनारा, रस्त्याला लागूनच बोर्ड-वेटसूट भाड्याने देणारी दुकानं आणि शिकवणारे लोक. १९७२ साली युरोपियन सर्फिंग स्पर्धा इथेच झाली होती. मोहरचे कडे गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. शनिवार-रविवारी गर्दी असते हे खरं, पण तुमच्या पातळीला चार माणसं आजूबाजूला असलेलीच बरी.

एकच लक्षात ठेवा. पूर्ण भरतीला इथली वाळू दिसेनाशी होते आणि लाटा थेट दगडी बांधावर आपटतात. भरतीच्या आधी-नंतरचे दोन-दोन तास पाण्यात जाऊ नका.

देवगडची_शुभदा

अनिकेत, मी स्लायगोजवळ राहते आणि बाराही महिने पाण्यात जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी डोनेगॉल ते किन्सेल हा २,५०० किलोमीटरचा रस्ता डोक्यातून काढ. 'वाइल्ड अटलांटिक वे' हा २०१४ साली पर्यटनासाठी आखलेला मार्ग आहे. ज्याला गाडीतून किनारा बघायचा आहे त्याच्यासाठी तो सुंदरच आहे. सर्फरच्या उपयोगाचा तो नाही. किनाऱ्यालगतचे रस्ते अरुंद, मधे गवत उगवलेले, समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने मागे जायचं. दिवस गाडीत जाईल आणि संध्याकाळी जिथे पोहोचाल तिथे भरती असेल, वारा उलटा असेल किंवा पाणी सपाट असेल. दुसऱ्या दिवशी तीच जागा उत्तम होईल, पण तोवर तुम्ही पुढे निघालेले असाल.

हा किनारा सर्फिंगला इतका चांगला का, ते समजून घेतलंत तर बेत आपोआप बदलेल. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा. म्हणजे जो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो आणि लाटा विस्कटून टाकतो. पण डोनेगॉलच्या उपसागराची दक्षिण बाजू, म्हणजे ईस्कीपासून बंडोरनपर्यंतचा पट्टा, उत्तर-वायव्येकडे तोंड करून आहे. तिथे दक्षिणेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, नैर्ऋत्येचाही बराचसा तसाच. आपल्याकडे पहाटेचा मतलई वारा सुटला की पाणी कसं गुळगुळीत होतं, तसं तिथे दिवसभर राहू शकतं. त्यातच अटलांटिकमध्ये दूर कुठेतरी उठलेल्या वादळाचा स्वेल, म्हणजे तिथून पसरत आलेल्या लांब लाटा, वळून आत येतो. खाली चुनखडीच्या सपाट फरशा आहेत, त्यावर लाट एका रेषेत, घडी घातल्यासारखी फुटते. ईस्की आणि बंडोरनचं नाव जगभरच्या सर्फरना माहीत आहे ते या तीन गोष्टी एकत्र येतात म्हणून.

आता तुम्हा तिघांसाठी त्या फरशा नाहीत, हेही लगेच सांगते. खडकावरच्या लाटेत पडलं की खाली वाळू नसते, पाणी गुडघाभर असू शकतं, आणि तिथे बसलेली मंडळी वर्षानुवर्षं ती लाट वाचत आलेली असतात. ईस्कीला किल्ल्याच्या पडक्या बुरुजापाशी उभं राहून तासभर नुसतं बघा. लाट कुठे उभी राहते, माणूस कुठे बसतो, परत बाहेर कसा जातो, हे काठावरून जेवढं कळतं तेवढं पाण्यात गेल्यावर कळत नाही.

मग करायचं काय? मुक्काम एकच ठेवा, स्लायगो शहरात किंवा स्ट्रँडहिलला. तिथून पाऊण-एक तासाच्या परिघात वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले किनारे आहेत. स्ट्रँडहिल शहरापासून आठ किलोमीटर, पश्चिमेकडे उघडा. पश्चिमेला ईस्की आणि त्यापुढे एनिसक्रोनची लांब वाळू. उत्तरेला पस्तीस किलोमीटरवर बंडोरन, आणि बंडोरनच्या पुढे रॉसनाउला. सकाळी वारा, स्वेल आणि भरती-ओहोटी बघायची, मग ठरवायचं आज कुठे. किनारा आदल्या दिवशी ठरवू नका. आठवडाभराचं हॉटेल आधी ठरवा, किनारा रोज सकाळी.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती रॉसनाउला. जवळजवळ तीन किलोमीटरची पुळण, उतार अगदी मंद, आणि डोंगराळ टोकामुळे मोठ्या स्वेलची धार तिथे येईपर्यंत बरीच बोथट होते. बंडोरनला बाहेर माणूस जाऊ नये अशी स्थिती असते तेव्हाही तिथे शिकणाऱ्याला फेसात खेळता येतं. देशातला जुना सर्फ क्लब तिथला, १९६० च्या दशकातला, आणि १९८५ ची युरोपियन स्पर्धा तिथे झाली. लोक गाड्या थेट वाळूवर नेतात. तुम्ही नेऊ नका. पाणी चढतं तेव्हा फार वेगाने चढतं आणि भाड्याची गाडी खाऱ्या पाण्यात गेली तर विमा कामाला येत नाही.

दुसरी पसंती एनिसक्रोन. लाट मवाळ, वाळू भरपूर, आणि पाण्यातून निघाल्यावर गरम समुद्रशेवाळाच्या पाण्यात डुंबायचं जुनं स्नानगृह आहे, १९१२ पासूनचं. चिनीमातीचे मोठे टब, त्यात खारं गरम पाणी आणि वर तरंगणारं शेवाळ. थंडीने आखडलेल्या खांद्यांना याच्यासारखं औषध नाही.

स्ट्रँडहिल राहायला छान, पण पाण्याबाबत सावध. तिथे पोहायला मनाई आहे, पाण्याची समुद्राकडे ओढ फार आहे. सर्फिंग चालतं, शाळाही आहेत, पण तुम्ही तिथे शिकवणाऱ्याबरोबरच उतरा. बंडोरनजवळच्या टुलन स्ट्रँडचंही तसंच. आजूबाजूला सगळीकडे पाणी सपाट असतं तेव्हा टुलनला हमखास लाट असते, म्हणून लोक जातात. त्याच कारणाने मोठ्या दिवशी तो तुमच्या आवाक्याबाहेर जातो.

आता भरती-ओहोटी. मुल्कीला तुम्ही याकडे फारसं लक्ष दिलं नसेल, तिथे पाणी दीड मीटरच्या आसपास वर-खाली होतं. इथे उधाणाला ते चार मीटरच्या घरात जातं. आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे विषुवदिनाच्या आसपासची उधाणं, वर्षातली मोठ्यांतली मोठी. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडंसं, मधल्या दोन तासांत निम्मं, शेवटी पुन्हा हळू. म्हणजे चार मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत पुरुषभर पाणी वाढतं. ज्या पुळणीवर टॉवेल ठेवून पाण्यात गेलात ती परत येईपर्यंत नसते. एखाद्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलात तर परतीची वाट बंद होते. मागे कडा असतो.

कोकणात आमचे आजोबा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. तो हिशोब इथे जवळजवळ उलटा बसतो. पौर्णिमा-अमावास्येला स्लायगोत भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, आणि दुपारी ओहोटी. अष्टमीला, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, भरती दुपारी. तुमच्यासारख्यांना ओहोटीपासून अर्ध्या भरतीपर्यंतचं पाणी बरं, म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-चार दिवस सोयीचे, दुपारचा ऐन उजेड मिळतो. हा अंदाज बेत आखायला पुरतो. पाण्यात उतरायच्या दिवशी मात्र त्या ठिकाणचं छापील वेळापत्रकच बघा.

लाटेची उंची वाचताना सोबत कालावधी, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते, वाचा. एक मीटर आठ सेकंदांची लाट आणि एक मीटर चौदा सेकंदांची लाट यांत फार फरक आहे. ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि कालावधीच्या पटीतही वाढते. शिवाय लांब कालावधीची लाट उथळ पाण्यात आल्यावर जास्त उभी राहते. मुल्कीला बहुतेक दिवस जी लाट भेटते तिच्यापेक्षा इथली तेवढ्याच उंचीची लाट तुम्हाला कितीतरी जड वाटेल. माझ्या मते तुम्ही एक-सव्वा मीटरच्या आत राहा. दीड मीटर आणि बारा सेकंदांच्या पुढे आकडे गेले की रॉसनाउलाचा फेस, नाहीतर डोंगर चढायला जा. बेन बुल्बिन समोरच आहे.

आयरिश हवामान खात्याचा सागरी अंदाज रोज वाचा, आणि समुद्रातले बोये (लाटा मोजणारी तरंगती यंत्रं) बघा. एम-६ नावाचा बोया खूप बाहेर, खोल अटलांटिकमध्ये आहे. तिथे चौदा सेकंदांचा स्वेल वाढलेला दिसला की साधारण दहा-बारा तासांनी तो आमच्या किनाऱ्याला लागतो. संध्याकाळी बोया बघितला की उद्या सकाळचं चित्र बरंच कळतं.

वेटसूट: सप्टेंबरात पाणी वर्षातल्या सगळ्यात उबदार दिवसांत असतं, म्हणजे चौदा ते सोळा अंश. ४/३ मिलिमीटर जाडीचा (धडाला चार, हातापायांना तीन) पूर्ण सूट आणि पायात बूट. हातमोजे-टोपी नोव्हेंबरपासून. पहिल्यांदा डोकं पाण्याखाली गेलं की श्वास अडकल्यासारखा होतो. घाबरू नका, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोन मिनिटं तोंडावर पाणी मारा, श्वास शांत होऊ द्या, मग बाहेर जा. आणि थरथर सुरू व्हायच्या आधी बाहेर या. थरथर सुरू झाल्यावर हात नीट चालत नाहीत, आणि बोर्ड किनाऱ्याकडे वळवायला हातच लागतात.

बोर्ड डब्लिनहून नेऊ नका. भाड्याच्या गाडीच्या टपावर काही बांधायला बऱ्याच करारांत मनाई असते. स्ट्रँडहिल, बंडोरन, एनिसक्रोन, रॉसनाउला सगळीकडे फोमचे आठ-नऊ फुटी बोर्ड आणि सूट मिळतात. शिवाय भाड्याने देणाऱ्या माणसाशी बोलणं होतं. आज ओढ कुठे आहे, कुठून आत जावं, हे तोच सांगतो.

राहिला शेवटचा प्रश्न, गर्दी नसलेल्या जागांच्या नावांचा. मला अशा जागा माहीत आहेत आणि मी त्या इथे लिहिणार नाही. एक कारण असं की त्या ज्यांच्या शेतातून जाऊन लागतात त्या शेतकऱ्यांनी विश्वासाने वाट दिलेली आहे. चार गाड्या फाटकासमोर लागल्या की ती वाट बंद होते. दुसरं कारण तुमच्याबद्दलचं आहे. जीवरक्षक साधारण जून ते ऑगस्ट असतात, सप्टेंबरात काही ठिकाणी शनिवार-रविवारी, मग संपलं. मोकळ्या किनाऱ्यावर लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटली, पाय मुरगळला, ओढीने बाहेर नेलं, तर बघणारं कुणी नसतं. फोनला रेंज असेलच असं नाही. स्लायगोच्या उत्तरेला स्ट्रीडाची पुळण आहे, बघायला जरूर जा. १५८८ च्या सप्टेंबरात स्पॅनिश आरमाराची तीन जहाजं तिथे पश्चिमेच्या वादळात वाळूवर येऊन फुटली, हजाराहून अधिक माणसं गेली. आजही तो किनारा तितकाच उघडा आहे.

माणसं कमी हवीत ना? मग मंगळवारी-बुधवारी रॉसनाउलाला जा. शाळा सुरू झालेल्या असतात, पर्यटक परतलेले असतात. तीन किलोमीटरच्या पुळणीवर तुम्हाला हवं तेवढं पाणी मोकळं मिळेल.

अनिकेत_डब्लिन

शुभदाताई, मनापासून आभार. सगळं मित्रांना पाठवलं. किन्सेल वगैरे रद्द. स्लायगोतच राहतो.

दोन शंका आहेत. नकाशा डब्लिनहून बंडोरनला कॅव्हनवरून जवळचा रस्ता दाखवतोय. पहिल्या दिवशी थेट रॉसनाउलाला तसंच जावं का? आणि एक मित्र शाकाहारी आहे, त्याचे हाल होतील का?

मंजिरी_के

अनिकेत, थांब! तो रस्ता एनिस्किलनवरून जातो, म्हणजे फर्मॅना परगण्यातून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून. ते युनायटेड किंगडम आहे. सीमेवर फाटक नाही, चौकी नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसायला लागल्या की समजायचं आपण पलीकडे आलो. पण भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि तुझं आयर्लंडचं रहिवासी कार्ड तिथे चालत नाही.

गंमत म्हणजे तुझ्या मित्रांचं वेगळं असू शकतं. भारतीयांच्या अल्प मुदतीच्या आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) असा शेरा असेल तर त्यांना दोन्हीकडे फिरता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरायला हवं. तो शेरा आहे का ते बघून घ्या. पण गाडीत तूही असणार, तेव्हा तो रस्ता तिघांनीही सोडा. डब्लिन ते डोनेगॉल जाणारी ३० नंबरची बसही एनिस्किलनवरूनच जाते, नंतर कधी एकटा निघालास तर लक्षात ठेव. बस थांबवून कागद तपासतात.

तू एन-४ महामार्ग धर: मलिंगार, लाँगफर्ड, कॅरिक-ऑन-शॅनन, स्लायगो. पुढे एन-१५ ने बंडोरन. हा पूर्ण रस्ता आपल्या बाजूला आहे. गाडी नको असेल तर डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून स्लायगोला थेट रेल्वे आहे, तीन तासांच्या थोडं पुढेमागे.

निखिल_गॉलवे

शुभदाताई, सगळं पटलं, पण एक बाजू राहिली. सप्टेंबरात कधीकधी उच्च दाब देशावर बसतो आणि चार-पाच दिवस पूर्वेचा वारा राहतो. तेव्हा लाहिंच आरशासारखं असतं. आणि वारा उत्तरेचा झाला तर तुमचा स्लायगो-बंडोरनचा पट्टा थेट तोंडावर घेतो. तेव्हा मंडळींनी काय करायचं?

देवगडची_शुभदा

निखिल, अगदी बरोबर. म्हणूनच एका किनाऱ्याला चिकटून राहू नये म्हणते. पूर्वेचा वारा असेल तर रॉसनाउला आणि स्ट्रँडहिलही लाहिंचइतकेच छान होतात, त्यासाठी साडेतीन तास गाडी हाकायची गरज नाही. उत्तरेचा वारा मात्र खरी अडचण. तेव्हा मेयोतल्या अकिल बेटावर कीलची पुळण आहे, दक्षिणेकडे तोंड करून, मागे डोंगर. बेटाला पूल आहे, गाडी थेट जाते. स्लायगोहून अडीच तास धरा आणि एक रात्र तिथेच राहा. केरीतलं इंचही उत्तरेच्या वाऱ्यात सुंदर असतं, पाच किलोमीटरची वाळू, पण ते फार दक्षिणेला. या खेपेला सोडून द्या.

मंजिरी, सीमेचं सांगितलंस ते फार बरं झालं. जीपीएसला हे काही कळत नाही, ते जवळचा रस्ता दाखवतं. अनिकेत, मधला थांबा म्हणून कॅरिक-ऑन-शॅनन टाकून ठेव म्हणजे नकाशा तुला कॅव्हनकडे वळवणार नाही.

शाकाहारी मित्राची काळजी नको. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल किंवा छोटं घर घ्या. स्लायगोत मोठी दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-कांदे-बटाटे सगळं मिळतं. मसाल्याचा डबा डब्लिनहून आणा. थंड पाण्यातून आल्यावर भूक अशी लागते की खिचडीचं मोठं पातेलं तिघांत संपतं. सकाळी थर्मासमध्ये चहा भरून गाडीत ठेवा. किनाऱ्यावर चहाचं दुकान असेलच असं नाही, आणि अंगात ऊब परत यायला गरम गोड चहाच लागतो.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. जोराचा पाऊस पडून गेला की नदीच्या मुखाजवळ दोन दिवस उतरू नका. शेतातलं शेण-खत आणि गावचं सांडपाणी वाहून येतं, पोट बिघडतं. इथल्या पर्यावरण संस्थेचं किनाऱ्यांच्या पाण्याची स्थिती सांगणारं संकेतस्थळ आहे, ते बघा. शेताचं फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल. तुम्हीही उचला, तो नमस्कार आहे. पार्किंगमध्ये कपडे बदलताना कुणी ना कुणी बोलायला येईल. भारतातून आलोय म्हटल्यावर वराडकरांचं नाव निघतंच. देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं गाव वराड, आमच्या शेजारच्या मालवण तालुक्यातलं. मी देवगडची म्हटलं की पुढचा अर्धा तास आंबा, मासळी आणि पाऊस यांवरच जातो. अशा गप्पांतूनच पाण्याची खरी माहिती मिळते. 'आज टुलनला जाऊ नका हं, काल एकाला ओढून नेलं' हे कुठल्याही ॲपवर येत नाही.

पाण्यातले नियम तुम्ही शिकला असालच, तरी सांगते. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची ती. बाहेर जाताना दुसऱ्याच्या वाटेतून जाऊ नका, वळसा घाला. बोर्ड सोडून देऊ नका, मागे कुणीतरी असतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. बोर्डवर झोपा, ओढीला आडवं जा, जिथे लाट फुटताना दिसते तिथे पोहोचलात की तीच लाट आत आणेल. तरीही जमत नसेल तर एक हात उंच करून हलवत राहा आणि बोर्ड अजिबात सोडू नका. तो बोर्ड तुम्हाला तासन्‌तास वर ठेवेल. किनाऱ्यावर असलेल्याने ११२ किंवा ९९९ फिरवायचा आणि कोस्ट गार्ड मागायचा. म्हणून माझी विनंती आहे, तिघांपैकी एकाने आळीपाळीने बाहेर राहायचं, फोन हातात घेऊन. पहिले दोन दिवस तरी हे पाळा. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याबरोबर एक तास जरूर घ्या, तुम्हाला उभं राहता येतं तरीही. तो तुम्हाला उभं राहायला शिकवणार नाही, इथलं पाणी वाचायला शिकवेल.

अनिकेत_डब्लिन

लिहून घेतलं सगळं. शनिवारी एन-४ ने स्लायगो, रविवारी रॉसनाउलाला शिकवणीचा तास, पुढे रोज सकाळी बघून ठरवायचं. वारा उत्तरेचा झाला तर अकिल. एक शेवटचं विचारतो. समजा मोठं वादळ आलं आणि दोन दिवस पाण्यात जाताच आलं नाही, तर? मुलामोरच्या लाटेबद्दल खूप ऐकलंय, ती बघता येते का?

देवगडची_शुभदा

येते, आणि संधी मिळाली तर सोडू नका. मुलामोर स्लायगोहून अर्ध्या तासावर. टोकाला वळसा घालणारा रस्ता आहे, तिथूनच लाट दिसते. ऑक्टोबर २०२० मध्ये एप्सिलॉन वादळाच्या स्वेलवर कॉनर मॅग्वायरने तिथे सुमारे साठ फुटी लाट घेतली. एवढा मोठा दिवस सप्टेंबरात क्वचितच येतो, पण चक्रीवादळाचा उरलेला जोर या महिन्यात कधीकधी इकडे वळतो. त्या दिवशी सकाळीच जा, गाडी रस्ता अडवणार नाही अशी लावा, कारण बचाव पथकाच्या गाड्यांना तोच एक रस्ता आहे. दुर्बीण असेल तर घ्या. जेट-स्कीवाला माणसाला लाटेवर सोडून कुठे थांबतो, लाट फुटल्यावर कुठून आत शिरतो, ते बघा. गवतावरूनच बघा, खालच्या खडकांवर उतरू नका. खडक कोरडे दिसले तरी नाही. दहा-पंधरा मिनिटं शांत गेल्यावर एकामागोमाग मोठ्या लाटांचा जो सेट येतो, त्याचं पाणी तिथवर चढतं.